जुनी पेट्रोल जीप किंवा जोंगा गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील अनेक गावांत महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगा आजही पांदण रस्त्यांवर चालतात. वेचणीच्या हंगामात कापसाची, बहार तोडताना संत्र्याची आणि एरवी फवारणीच्या पाण्याच्या टाकीची ने-आण त्या करतात. या गाड्यांविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी दुपारी शेतात थांबवली की पुन्हा सुरू होत नाही, आणि सावलीत तासभर उभी राहिली की काही झालेच नव्हते अशी सुरू होते. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः याच दोषाविषयी आहेत.

ही उत्तरे नेमक्या कोणत्या गाड्यांना लागू पडतात?

मुख्यतः दोन गाड्यांना. पहिली महिंद्राची सीजे-3बी जीप. तिचे हरिकेन इंजिन चार सिलिंडरचे आणि 2,199 सीसीचे असून त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. दुसरी जोंगा. निसानच्या पी-60 वर आधारलेली ही गाडी जबलपूरच्या वाहन निर्माणीत 1969 पासून 1999 पर्यंत तयार होत असे, आणि तिचे पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरचे, 3,956 सीसीचे आहे. आकार आणि ताकद वेगळी असली तरी दोन्हींत कार्बोरेटर, इंजिनावर चालणारा डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) पेट्रोल पंप आणि पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन आहे, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचा प्रवाह पॉइंटची उघडझाप करणारी जोडी जोडते-तोडते. त्यामुळे दोष शोधण्याची रीतही एकच आहे. मधल्या मालकाने डिझेल इंजिन बसवले असेल, तर त्याविषयीचा वेगळा प्रश्न पुढे दिला आहे.

गाडी सुरू होत नाही असे दिसताच सर्वांत आधी काय करावे?

ती गार होण्याची वाट पाहू नये. हा सल्ला उलटा वाटेल, कारण बहुतेक चालक बॉनेट उघडून कडुनिंबाखाली बसतात आणि काही वेळाने गाडी सुरू झाली की घरी येतात. परंतु गरम अवस्थेत दिसणारा दोष गार झाल्यावर नाहीसा होतो, आणि मग गॅरेजमध्ये एकामागून एक सुटे भाग केवळ अंदाजाने बदलले जातात. बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटे हीच तपासणीची खरी वेळ असते. त्या वेळात तीनच गोष्टी ठरवायच्या असतात : सेल्फ इंजिनाला नेहमीच्या वेगाने फिरवतो का, प्लगला करंट येतो का, आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पोहोचते का. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कोणताही स्क्रू फिरवू नये, विशेषतः कार्बोरेटरचा, कारण तो फिरवला की मूळ दोषात एका नव्या दोषाची भर पडते.

गरम असताना सेल्फ फारच जड फिरतो. बॅटरी बदलावी का?

मीटर लावल्याशिवाय बदलू नये. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना तिचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी टिकून असेल आणि तरीही सेल्फ कण्हत असेल, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी तुटली किंवा गंजली की सेल्फला परतीचा मार्ग उरत नाही, आणि करंट क्लचच्या किंवा चोकच्या केबलमधून वाट शोधू लागतो. सेल्फ मारल्यानंतर चोकची केबल हाताला गरम लागली, तर निदान झालेच असे समजावे. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारला असता अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये. दिसल्यास पट्टी काढावी, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडे करावे आणि मगच ती पुन्हा आवळावी.

अर्थिंग ठीक असेल तर सेल्फचे ब्रश आणि बुश पाहावेत. बुश झिजला की आर्मेचर गरम झाल्यावर आतल्या पोलला घासते. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, गरजेपेक्षा पुढे ठेवलेले असेल तरीही गरम इंजिन सेल्फला उलटा झटका देते. हरिकेन इंजिनाचे मूळ टायमिंग वरच्या मृतबिंदूच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणाच्या) 5 अंश आधीचे आहे, पण चढावर जोर मिळावा म्हणून ते पुढे ढकलण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते. सेल्फ एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी विश्रांती द्यावी.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडण्यापूर्वी आपली गाडी किती व्होल्टची आहे आणि तिचे कोणते टोक अर्थ आहे हे पाहावेच लागते. सुरुवातीच्या विलिस जीप 6 व्होल्टच्या होत्या, तर लष्करी गाडी 24 व्होल्टचीही असू शकते.

सेल्फ चांगला फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. करंट येतो की नाही हे कसे पाहावे?

डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याच्या, टोपणातील मधली जाड वायर काढावी. तिचे टोक कोरड्या लाकडाने किंवा रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या ब्लॉकपासून साधारण सहा मिलिमीटरवर धरावे आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर त्या क्षणी तरी काम करत आहेत. पिवळट, बारीक ठिणगी पडत असेल किंवा ती मधूनमधून पडतच नसेल, तर दोष येथेच आहे. ही चाचणी करताना आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, आणि पेट्रोलची नळी काढलेली असताना ती करू नये.

ठिणगी पडत नसेल तर इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प उपयोगी पडतो. त्याचे एक टोक कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या खुंटीला आणि दुसरे अर्थला लावून सेल्फ मारावा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. तो सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर मळी बसली आहे. तो पेटलाच नाही तर स्विचकडून कॉइलला पुरवठा येत नाही, कॉइल आतून तुटली आहे, अथवा पॉइंट किंवा कंडेन्सर अर्थला चिकटला आहे.

नवीन कॉइल टाकली, तरीही गरम झाल्यावर गाडी बंद पडते. असे का?

कारण बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा असतो. बोटाच्या पेराएवढी ही डबी डिस्ट्रिब्यूटरमध्ये किंवा त्याच्या बाहेर बसते. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू न देणे आणि कॉइलमधील प्रवाह झटकन तोडणे ही तिची कामे आहेत. आतील वेष्टन उष्णतेने फुगले किंवा जोड सैल झाला की गार असताना ती नीट चालते आणि गरम झाल्यावर दगा देते. गेलेल्या कंडेन्सरची खूण पॉइंटवर दिसते. दोन्ही तोंडे काळी-निळी पडलेली असतात, एका तोंडावर खळगा आणि समोरच्यावर टोकदार उंचवटा तयार झालेला असतो, आणि अंधारात टोपण काढून सेल्फ मारल्यास पॉइंटमध्ये लख्ख ठिणगी दिसते.

शेतात अडकल्यावर सुमारे 0.2 मायक्रोफॅरडचा, दुसऱ्या कोणत्याही पॉइंटवाल्या गाडीचा कंडेन्सर तात्पुरता चालतो. जुन्याची वायर सोडवून ठेवावी, नव्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील खुंटीला लावावी आणि त्याची डबी चासीच्या स्वच्छ बोल्टखाली आवळावी. तो डिस्ट्रिब्यूटरच्या आतच बसायला हवा असे नाही. उलट, उन्हाळ्यात तो इंजिनापासून थोडा दूर असलेलाच बरा, असे माझे मत आहे.

कॉइलही गरम झाल्यावर जाते, हे खरे आहे. तिची प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडून करंट घेणारी गुंडाळी, ओहममापीवर तपासावी. बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणाऱ्या रोधाशिवाय) चालणारी 12 व्होल्टची कॉइल साधारण 3 ओहम दाखवते, तर रेझिस्टरसह चालणारी दीड ओहमच्या आसपास. बाजारात दोन्ही प्रकारच्या कॉइल सारख्याच दिसतात. दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली, तर ती वाजवीपेक्षा जास्त करंट ओढून तापते, पॉइंट जाळते, आणि नवी कॉइलसुद्धा खराब निघाली असा दोष दुकानदाराला विनाकारण दिला जातो.

पॉइंटचा गॅप किती ठेवावा?

ते डिस्ट्रिब्यूटरवर अवलंबून असते. हरिकेन इंजिनावरील मूळ ऑटोलाइट डिस्ट्रिब्यूटरसाठी 0.020 इंच, तर ल्यूकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी 0.014 ते 0.016 इंच ठेवतात. हरिकेनच्या प्लगचा गॅप 0.030 इंच असतो. पॉइंटचा फायबरचा टाचेसारखा भाग कॅमवर घासून झिजतो आणि गॅप हळूहळू कमी होत जातो, म्हणून कॅमवर ग्रीसचा अगदी पुसट हात असावा. जास्त ग्रीस लावल्यास ते उष्णतेने वितळून पॉइंटवर उडते आणि तोच दोष पुन्हा उभा राहतो.

करंट उत्तम आहे. मग पेट्रोलचा दोष कसा ओळखावा?

प्लग काढून पाहावा. गरम इंजिनात पेट्रोलचे दोन दोष होतात. बाहेरून ते अगदी सारखे दिसतात, पण त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, त्यामुळे येथे घाई करू नये. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते गरजेपेक्षा जास्त पोहोचले आहे.

कोरड्या प्लगचे उन्हाळ्यातील नेहमीचे कारण म्हणजे पेट्रोलची वाफ होणे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. वैशाखात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे हवाच पंचेचाळीसच्या पुढे जाते, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. जीपमध्ये पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारी तापलेली नळी) इंजिनाच्या एकाच बाजूला असतात. चालत्या गाडीत पंख्याचा वारा आणि सतत वाहणारे ताजे पेट्रोल पंपाला गार ठेवते. गाडी थांबली की हे दोन्ही थांबते आणि तापलेल्या लोखंडाची धग पंपात शिरते. डायफ्रॅमचा पंप द्रव ओढू शकतो, परंतु वाफ नुसतीच दाबली जाते आणि पसरते, पुढे सरकत नाही. चढावर कमी गिअरमध्ये रेंगाळत जाताना, उदाहरणार्थ परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, हा दोष चालत्या गाडीतही होतो.

ओल्या प्लगच्या दोषात याच्या उलट घडते. इंजिन बंद झाल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून जेटमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये गळते. फ्लोटची सुई झिजलेली असेल तर ही गळती वाढते. अशा वेळी चोक पूर्ण उघडा ठेवावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन साचलेले पेट्रोल बाहेर पडते. पेडल वरखाली मारल्यास दर वेळी कार्बोरेटरमधील ॲक्सिलरेटर पंपाच्या जेटमधून आणखी पेट्रोल आत पडते. नेमके हेच बहुतेक जण करतात.

पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय योग्य आहे का?

योग्य आहे, आणि तो केवळ उपाय नसून चाचणीही आहे. गोणपाटाचा तुकडा किंवा सुती फडके पाण्यात बुडवून, पिळून, पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीवर ठेवावे. दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली तर दोष वाफेचाच होता, आणि कॉइलवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही. त्याच रीतीने पुढच्या वेळी केवळ कॉइलवर ओले फडके ठेवून पाहावे, म्हणजे दोन शक्यता वेगळ्या होतात. फडके निथळते नसावे, आणि पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मुळीच ओतू नये, कारण तापलेले बीड अचानक गार झाल्यास तडकते.

कायमचा उपाय हवा असेल तर पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवावी, मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारी जाड पॅकिंग असल्याची खात्री करावी आणि रेडिएटरची जाळी कचरा व कीटकांपासून मोकळी ठेवावी. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवणे हा चांगला मार्ग आहे, कारण मग नळीतील पेट्रोल ओढले न जाता ढकलले जाते आणि दाबाखालचे पेट्रोल उशिरा उकळते. मात्र इंजिन बंद पडताच तो पंप आपोआप थांबेल अशी ऑइल प्रेशरच्या स्विचची जोडणी करून घ्यावी, नाहीतर अपघातात तो पेट्रोल ओततच राहतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे हा दोष वाढला आहे का?

अंशतः वाढला आहे. शुद्ध इथेनॉल 78 अंशांना उकळते, परंतु पेट्रोलात मिसळल्यावर ते हलक्या घटकांची वाफ होण्यास मदत करते. त्यात भर म्हणजे, आता सर्वत्र मिळणाऱ्या 20 टक्के मिश्रणाचा जुन्या गाड्यांच्या रबरावर परिणाम होतो. पंपाचा डायफ्रॅम, जुनी रबरी नळी आणि फ्लोटची पॅकिंग फुगते किंवा भुसभुशीत होते. तडकलेली नळी टाकीच्या बाजूला असेल तर तेथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. इथेनॉल हवेतील ओलही शोषते, आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाण्याचा थर जमतो. अशी गाडी सुरू करण्यापूर्वी टाकी खालून रिकामी करावी आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्यात.

टाकीचे झाकण उघडले की गाडी सुरू होते. हा योगायोग आहे का?

नाही. पेट्रोल वापरले जाईल तशी टाकीत हवा शिरायला हवी, आणि ती वाट झाकणातील छिद्रातून असते. ते बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंप हरतो. झाकण फिरवताना फुस्स असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर हेच कारण आहे. धुळीप्रमाणेच कुंभारमाशीही येथे अपराधी असते. गाडी काही आठवडे उभी राहिली तर ती मिळेल त्या छिद्रात आणि उघड्या नळीत मातीचे घर करते. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे. दुसऱ्या गाडीचे बिनछिद्राचे झाकण बसवलेले असेल तर ते बदलावे.

नाला ओलांडताना गाडी बंद पडली. सेल्फ मारावा का?

पाणी एअर क्लीनरपर्यंत पोहोचले होते का, हे पाहिल्याशिवाय मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असल्यास सर्व प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर येऊ द्यावे. पाणी फक्त डिस्ट्रिब्यूटरवर उडाले असेल, तर टोपण, रोटर आणि प्लगच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. टोपणाच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेषा दिसली तर ती तडा आहे. असे टोपण बदलावेच लागते.

हँडल मारून किंवा धक्का देऊन सुरू करणे सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर होय. हँडल धरताना अंगठा मुठीभोवती गुंडाळू नये, तो चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. इंजिनाने उलटा झटका दिल्यास मूठ हातातून सुटून जाते आणि मनगट वाचते. टायमिंग पुढे असलेल्या गाडीला हँडल मारूच नये. धक्का देताना दुसरा गिअर टाकावा, आणि गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये.

करंट आहे, पेट्रोल आहे, सेल्फही ठीक आहे. तरीही गरम इंजिन सुरू होत नाही. आता काय?

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पाहावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांतील फट) फार कमी असेल तर व्हॉल्व्ह तापून लांबतो, सीटवर पूर्ण बसत नाही आणि गरम इंजिनात दाब तयार होत नाही. हरिकेन इंजिनात गार अवस्थेत इनटेकला 0.018 आणि एक्झॉस्टला 0.016 इंच गॅप ठेवतात. आवाज येऊ नये म्हणून टॅपेट आवळून घेतलेल्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो. थोडा टकटक आवाज सहन करावा. प्लगच्या वायरी कोणी नुकत्याच काढल्या असतील तर त्यांचा क्रमही पडताळावा. जीपचा क्रम 1-3-4-2 असा आहे, तर जोंगाचा 1-5-3-6-2-4.

जीपमध्ये डिझेल इंजिन आहे. तिच्यासाठी काय वेगळे?

डिझेलमध्ये करंटचा प्रश्नच नसतो. बहुतेक वेळा लाइनने हवा घेतलेली असते, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे बँजो बोल्ट (नळी जोडणारे पोकळ बोल्ट) आणि त्यांचे तांब्याचे वॉशर पाहावेत, फिल्टरवरील ब्लीड स्क्रू सैल करून हातपंपाने फेस थांबेपर्यंत हवा काढावी, आणि बंद करण्याची केबल पूर्ण परत गेली आहे का हे तपासावे. गार इंजिन सुरू होत असून केवळ गरम झाल्यावर होत नसेल, तर फ्युएल पंपाचे आतील भाग झिजल्याची शक्यता मोठी असते, आणि ते काम पंपाच्या वर्कशॉपमध्येच करावे लागते.

मिस्त्रीकडे नेले की दोष दिसतच नाही. त्याला काय सांगावे?

गाडी रिकामी आणि गार पाठवू नये. भर दुपारी, अर्धा तास चालवून, थोडा माल भरून न्यावी आणि गॅरेजसमोर उन्हात बॉनेट बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे उभी करावी, कारण इंजिन बंद झाल्यानंतरच बॉनेटखालची उष्णता काही काळ वाढत जाते. सुरू होईना, की त्याच्यासमोर आधी ठिणगी आणि मग प्लग पाहावा. सेल्फ जड होता की मोकळा, प्लग ओला होता की कोरडा, ओल्या फडक्याने फरक पडला का, आणि किती वेळाने गाडी आपोआप सुरू झाली, एवढे कागदावर लिहून दिले तरी काम निम्मे होते. टेस्ट लॅम्प, फिलर गेज (गॅप मोजण्याच्या पट्ट्या), एक चांगला कंडेन्सर आणि पाण्याची बाटली सीटखाली ठेवावी. सीजे-3बीमध्ये चालकाच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, म्हणून तिच्यात ही पिशवी शेजारच्या सीटखाली ठेवावी.